वि. ना. देवरे, सातवी ब

बुधवारी रात्रपाळी सुटली की मी सरळ घरी जात नाही.
गंगेवर उतरतो. भाजीवाल्यांच्या पलीकडे,
पुलाच्या सावलीत पगारेमावशींची ताडपत्री:
दांडी नसलेल्या कढया, एकेकटे बूट,
कुणाच्या तरी लग्नात आहेर आलेलं बंद घड्याळ.
"हात पूस आधी," म्हणतात, "मालाला तेल लागतं."
माल गंजलेला असतो. मी पुसतो.

पत्र्याची ट्रंक तिथलीच. दीडशे सांगितले, नव्वदला दिली.
झाकणावर पांढऱ्या रंगात, घाईघाईत पण सरळ रेषेत:
वि. ना. देवरे, सातवी ब.
घरी येऊन मी ते मोठ्याने वाचलं,
एवढीच माझी चूक.

जुई पावणेतीन वर्षांची.
तिने झाकणावर तीनदा टकटक केलं.
"देवरे, बाहेर ये."
थांबली. मग माझ्याकडे वळून, ओठांवर बोट:
"झोपलाय."

तेव्हापासून सातपूरच्या आमच्या दीड खोलीत आम्ही चौघं.
देवरेला वरणभात चालतो, वांगं चालत नाही.
देवरे इंजेक्शनला घाबरतो.
हर्षदा पोळ्या लाटताना एक बारकी त्याची करते
आणि ती शेवटी मीच खातो, उभ्या उभ्या.

पुढच्या बुधवारी किल्ल्यांचा जुडगा, वीस रुपये.
एकाही किल्लीला कुलूप नाही.
ती फ्रिजला लावते, माझ्या गुडघ्याला लावते,
"उघडलं" म्हणते, आत डोकावते,
आणि काय दिसलं ते सांगत नाही.
मग एक चाळणी आली. आधी टोपी झाली, नंतर स्टेअरिंग.
मग फवारणीचं पितळी नोझल, कुठल्याशा द्राक्षबागेतलं;
देवरेला ताप आला की ते छातीला लावायचं
आणि म्हणायचं, मोठा श्वास घे.

"आज काय हवंय तुझ्या देवरेला?"
आता मावशीच विचारतात.
मी विचारलं, ट्रंक आली कुठून?
कळवणकडच्या एका वसतिगृहाचा लॉट होता म्हणाल्या,
चाळीस ट्रंका, सगळ्यांवर नावं.
एकोणचाळीस भट्टीत गेल्या.
"हिचं झाकण नीट बसत होतं, म्हणून ठेवली."

त्या रात्री लेथवर मला एकोणचाळीस नावं
वाचता येईनात, आणि सोडवतही नव्हती.
देवरे आता माझ्याहून मोठा असेल.
कुठे पिकअप चालवत असेल, कांदा भरत असेल,
नाहीतर साहेब होऊन चष्मा पुसत बसला असेल.
त्याला माहीतही नाही
की त्याला वांगं आवडत नाही.

आज मिळाला कंडक्टरचा चिमटा,
तिकिटाला भोक पाडायचा. अजून टकटक वाजतो.
मी अंघोळ करायच्या आत जुईने उशा मांडल्या,
पुढे ट्रंक, ट्रंकेवर चाळणी. देवरे ड्रायव्हर.
पेपरचे कपटे फाडले, एकेकाला भोक पाडलं,
फरशीभर टिकल्या.

"कुठे?"
"कळवण. एक फुल."
"सुट्टे द्या."

मी खिसे उलटे केले. खरंच नव्हते.
तिने वाट पाहिली, कंडक्टर पाहतो तेवढीच.
"मग उतरा."

मी उतरलो.
तिने चिमट्याने पत्र्यावर दोनदा ठोकलं
आणि गाडी हलली, उशांसकट, देवरेसकट,
कॉटला वळसा घालून, सिलिंडरच्या बाजूने,
पुढे कुठे ते मला इथून दिसत नव्हतं.

अंगात कंपनीचा शर्ट तसाच.
मी फरशीवर उभा राहून हात केला.
देवरेने थांबवली नाही.